रिकामं म्हणून मोजलेलं घर

"तुला कधी कोणी मारलंय का?"

हा प्रश्न मी प्रश्नवालीला तोंडावर विचारून दाखवायचा, अशी नॅरेल आणि शॅनिसने माझ्याशी पैज लावली होती. विचारला तर नॅरेलचा जांभळा हेअरबँड माझा. नाही विचारला तर दोघींची दप्तरं मी वाहायची. पैज लावताना दोघी दुकानासमोरच्या बाकावर हसून हसून एकमेकींवर कोसळत होत्या. त्यांना खात्रीच होती की माझ्याच्याने होणार नाही.

मागच्या वर्षीच्या रोशेलच्याने झालंही नसतं. ती हजेरीलासुद्धा बुटांकडे बघत "हं" म्हणायची. पण यंदाची रोशेल मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन आहे. शिवाय तिच्या अंगावर सरकारी पिवळा टी-शर्ट आहे आणि पाठीवर मोठ्ठ्या अक्षरांत ‘मदतनीस’ छापलंय. असला टी-शर्ट घातला की तोंडाला आपोआप जोर येतो.

प्रश्नवाली म्हणजे ब्रॉन्विन. ॲडलेडहून पांढरी गाडी घेऊन आम्हाला मोजायला आलेली. कोण किती शिकलं, कोण काय काम करतं, नळाला पाणी आहे का, एका खोलीत किती जण झोपतात, मन उदास होतं का, सगळं ती तिच्या टॅब्लेटवर टिपून घ्यायची. देशातल्या आमच्या सगळ्या आदिवासी लोकांचं असं मोजमाप चाललंय म्हणे. माझं काम तिच्यापुढे चालायचं, कुठला कुत्रा चावतो ते सांगायचं आणि म्हाताऱ्यांना तिचे प्रश्न आमच्या भाषेत करून द्यायचे.

शेवटाकडे एक प्रश्न असायचा आणि त्याच्यासाठी ब्रॉन्विन आवाज एकदम मऊ करायची. "गेल्या वर्षभरात तुम्हाला कोणी मारहाण केली का?"

सगळे "नाही" म्हणायचे. एव्हलिनमावशी हाताला प्लास्टर घालून बसली होती, तीही "नाही" म्हणाली.

"मग हा हात?" ब्रॉन्विनने विचारलं.

"पडले."

"कशावरून?"

"नवऱ्यावरून," मावशी म्हणाली आणि तिच्या सगळ्या सुना चहा सांडेपर्यंत हसल्या. ब्रॉन्विनने टॅब्लेटवर ‘नाही’ दाबलं. आदल्या दिवशी मलाही तिने हा प्रश्न विचारला होता आणि मीही "नाही" म्हणाले होते. अनोळखी बाईला कोण सांगत बसतं? सांगितलं की पोलीस येतात, पोलिसांमागून पोरं घेऊन जाणारे येतात.

तर मावशीच्या अंगणातून बाहेर पडताना मी विचारलं. कुंपणामागे नॅरेल आणि शॅनिस कान लावून उभ्या होत्या.

"ब्रॉन, तुला कधी कोणी मारलंय का?"

ती थबकली. "मला? नाही. कधीच नाही."

फार पटकन म्हणाली. पण पैज फक्त विचारण्याची होती. कुंपणामागे शॅनिसने शिट्टी वाजवली आणि नॅरेलने तोंड वाकडं करून डोक्यावरचा हेअरबँड काढला.

तामारा असती तर गावभर नाचली असती. पण तामारा आमच्यात नव्हती. ती ओढ्यापलीकडे सुतकाच्या तळावर होती, आणि ती तिथे होती ती माझ्या भावामुळे.

थंडी सुरू झाली तेव्हा माझा भाऊ जॅरड गाडी चालवत होता आणि ती उलटली. शेजारच्या सीटवर तामाराचा भाऊ होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. गेलेल्याचं नाव आमच्यात कोणी तोंडावर आणत नाही, त्याला कुन्मानारा म्हणतात. कुन्मानारा माझ्याच वयाचा होता आणि माझा मामा लागायचा, कारण त्याची आई विनी ही माझ्या आईच्या आईची बहीण. म्हणजे तामारा माझी मावशी. तिला चिडवायचं असलं की मी भर वर्गात "तामारामावशी, खोडरबर द्या ना" म्हणायचे आणि ती पायावर पाय द्यायची.

अशा वेळी काय करायचं हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. जॅरडने मैदानात जाऊन मांडी उघडी करून उभं राहायचं. कुन्मानाराच्या काकांनी मांडीत भाला घालायचा. रक्त सगळ्या गावाने बघायचं. मग ज्यांनी भाला मारला त्यांनीच त्याला धरून खाली बसवायचं आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं. तिथे ते संपतं. तो आयुष्यभर थोडा लंगडला असता, पण दुकानात विनीआजीसमोर मान वर करून उभा राहिला असता. तो तयार होता. फोनवर बाबाला म्हणाला होता, "मला तेवढं गावात आणा."

पण तो आलिस स्प्रिंग्जच्या कोठडीत आहे. इथे भाला वाट बघतोय हे कोर्टाला कळलं आणि त्यांनी जामीन दिला नाही. त्याच्या जिवाच्या काळजीपोटी, असं वकीलबाई म्हणाली. त्याची मांडी सुखरूप राहिली आणि बाकी आम्ही सगळे उघड्यावर पडलो.

राग सोडलेल्या कुत्र्यासारखा गावभर फिरायला लागला. आधी आमच्या खिडक्या फुटल्या. मग बाबाची गाडी जळाली, टायर वितळून रस्त्याला चिकटले, ते डाग अजून तिथे आहेत. माझ्या चुलतभावाला, लायनेलला, कुन्मानाराच्या काकांनी पेट्रोल पंपापाशी गाठलं आणि कुंपणाचा लोखंडी खांब तोंडावर मारला. त्याचा जबडा तारेने बांधलाय, तो नळीने सूप पितो. आमच्याकडचेही काही गप्प बसले नाहीत. त्यांनी एका रविवारी तिकडच्या दोघांना एवढं तुडवलं की एकाचा डोळा गेला. दुकानात ब्रेड घ्यायला गेलं तरी बायका वेगवेगळ्या वेळा धरून जायच्या.

"जेवढा उशीर तेवढं वाढत जाणार," आई म्हणायची. "मांडीवर भागलं असतं. आता डोकी मागतील."

आईच्या डोक्यात कानाच्या वर एक खळगा आहे. मी जन्मायच्या आधी एका भांडणात तिला काठी लागली होती. लहानपणी झोप येत नसली की मी त्या खळग्यात बोट ठेवून झोपायचे. डॉक्टरने तिला बजावलंय, त्या जागी पुन्हा काही लागलं तर उठणार नाहीस. हे आमच्या घराला माहीत आहे. विनीआजीलाही माहीत आहे.

इतकं सगळं चालू असताना ब्रॉन्विन आम्हाला ‘शेजाऱ्यांवर तुमचा कितपत विश्वास आहे’ असं विचारत फिरत होती.

विनीआजीचं घर हिरव्या दाराचं. कुन्मानारा गेला त्याच दिवशी ते घर सोडलं. काही जण तळावर गेले, काही थोरल्या लेकीकडे जाऊन दाटीवाटीने झोपायला लागले. अंगण फांदीने झाडून घेतलं, त्याचं एकही पाऊल उमटलेलं राहू नये म्हणून. पाला जाळून सगळ्या खोल्यांतून धूर फिरवेपर्यंत त्या घरात कोणी शिरत नाही. धूर कधी करायचा ते विनीआजी ठरवणार, आणि हिशेब चुकता झाल्याशिवाय ती ठरवणार नव्हती.

ब्रॉन्विनला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हिरव्या दाराकडे नाही."

"हो हो, नक्की," ती म्हणाली होती. पण तिच्या टॅब्लेटवर गावाचा नकाशा होता. झालेल्या घरांचे ठिपके हिरवे, राहिलेल्यांचे लाल. शेवटच्या दिवसापर्यंत एकच लाल ठिपका उरला आणि तो तिला दातात अडकलेल्या मांसासारखा छळत होता.

त्या दुपारी, पैजेच्या दुसऱ्या दिवशी, मी बहिऱ्या आयव्हीआजीच्या कानात ओरडून प्रश्न सांगत होते. "तुझ्याकडे फ्रीज आहे का?" "कुणाची रीघ?" "फ्रीज! फ्रीज!" मुलाखत संपली तशी ब्रॉन्विन "मी गाडी वळवून घेते" म्हणून उठली. मी आयव्हीआजीच्या पाठीमागची उशी नीट करून बाहेर आले तर गाडी रस्त्याच्या टोकाला, हिरव्या दारासमोर उभी.

मी अशी पळाले, तशी फायनलमध्येसुद्धा पळाले नव्हते.

"ब्रॉन! नको!"

तिने दार वाजवलं होतं, मग ढकललं होतं. दाराला कुलूप नव्हतं, आमच्यातलं कोणी आत जाणार नाही मग कुलूप कशाला? झाडलेल्या अंगणात तिच्या बुटांची रांग सरळ आत गेलेली. मी फाटकापाशी थांबले. पुढे माझा पाय जाईचना.

"बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

"रिकामंच आहे ग!" आतून तिचा आवाज घुमला, अगदी खुशीत. "मी फक्त रिकामं म्हणून नोंदवतेय. तीन बेडरूम! चांगल्या आहेत की! आणि पलीकडे तुम्ही एवढी माणसं एका खोलीत…"

माझ्या मागे बायकांचा हंबरडा उठला. ओढ्यापलीकडून तळावरच्या बायका येत होत्या. केस कापलेले, कपाळाला पांढरी माती. पुढे विनीआजी, हातात वाना. पोटात मध साठवणाऱ्या खायच्या मुंग्या जमिनीतून खणायची ती काठी, टणक लाकडाची, वापरून वापरून काळी झालेली. हल्ली खणायला सगळ्याजणी लोखंडी पहार वापरतात. वाना फक्त भांडणाला बाहेर निघते.

पहिला दगड तामाराने मारला. माझ्या डाव्या भुवईवर. नेम अचूक होता, आणि असणारच, सरडे मारताना मनगट कसं वळवायचं ते मीच तिला शिकवलं होतं. डोळ्यात रक्त उतरलं आणि अर्धं गाव लाल झालं.

"तिथे झोपायचा तो!" तामारा किंचाळत होती. "तिथे झोपायचा! आणि तू तिला आत घातलीस!"

"मी नाही घातली, मी तर…"

"टी-शर्ट कुणाचा आहे अंगात?"

ब्रॉन्विन दारात आली. "काय झालं? कोणाला लागलं का?" एवढं ती म्हणाली, तोवर विनीआजी पायरीपर्यंत पोहोचली होती. वाना वरून खाली आली. ब्रॉन्विनने हात मध्ये घातला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडल्यासारखा आवाज झाला. टॅब्लेट पायरीवर आपटला आणि काचेला तडे गेले. ब्रॉन्विन नुसती आपल्या हाताकडे बघत राहिली, तो भलतीकडेच वाकला होता.

बाकीच्या बायका गाडीवर तुटून पडल्या. काचा फुटल्या, आरसे गळून पडले. मी ब्रॉन्विनला ओढून फाटकाबाहेर काढायला गेले तर पाठीत एक काठी बसली, मग दुसरी. मी तोंडावर पडले. कोणाचा तरी पाय बरगडीत बसला. मातीचा वास नाकात गेला आणि माझ्या डोक्यात विचार आला तो हा, की हे सगळं त्याच्या अंगणात चाललंय, आता पुन्हा झाडावं लागेल.

दुकानाकडून नॅरेल धावत आली. हातात दुकानातला खराटा. "सोडा तिला, टकल्या म्हाताऱ्यांनो!" असं ओरडत ती घुसली आणि घुसल्या घुसल्या तिच्या कानावर अशी काठी बसली की ती माझ्या शेजारी येऊन आदळली. "हेअरबँड परत दे," ती कानावर हात धरून म्हणाली. "फुकट गेला माझा कान."

आणि मग आई आली. तिच्याही हातात तिची वाना होती. बायका बाजूला झाल्या. आई आणि विनीआजी समोरासमोर उभ्या राहिल्या, मावशी आणि भाची. लहानपणी विनीआजीनेच आईला मुंग्यांची बिळं ओळखायला शिकवलं होतं. आईने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग स्वतःची काठी खाली टाकली, डोक्यावरचा रुमाल काढला आणि मान पुढे वाकवली. खळगा माझ्या बाजूला होता. मला तो स्पष्ट दिसत होता.

"घे," आई म्हणाली. "जॅरड नाहीये, मी आहे. घे आणि संपव."

विनीआजीने वाना वर उचलली. तिचे दंड थरथरत होते. मी उठायला गेले, पण बरगडीत कळ आली आणि पुन्हा खाली पडले.

तेवढ्यात बाबा आला. उलटा चालत.

खरंच उलटा. विजेच्या जनरेटरवर तो काम करतो, तिथून धावत आला असणार, पण रस्त्याच्या वळणावर विनीआजीचा आवाज ऐकून त्याने पाठ फिरवली होती. ती त्याची सासू, आमच्यात बायकोची मावशीही सासूच. जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही आणि ती असेल तिथे थांबायचं नाही. सासूलाही तेच बंधन. म्हणून बाबा आमच्याकडे पाठ करून, पायाने जमीन चाचपत, मागे मागे सरकत थेट भांडणाच्या मधोमध येत होता. खड्ड्यात एकदा अडखळला, सावरला, पण थांबला नाही. त्याची ऑइलने माखलेली पाठ जवळ जवळ येत गेली.

विनीआजीची काठी हवेतच राहिली. आता एक तर आईला मारून जावयासमोर उभं राहायचं, सगळ्या बायकांच्या देखत. नाही तर तोंड झाकून निघायचं. तिने दात खाल्ले. मग काठी खाली घेतली, पदरासारखा स्कर्टचा घोळ तोंडावर ओढला आणि वळली.

जाताना ती आभाळाकडे बघून ओरडली. त्याच्याशी बोलायचं नाही ना, मग आभाळाशी. "कोणीतरी ऐका! आधी पोराने माझा पोरगा घेतला. आता पोरीने परकी बाई त्याच्या खोलीत फिरवली. उद्या दुकान बंद झालं की मैदानात. या घराने डोकं द्यायचं!"

"ऐकलं," बाबा समोरच्या विजेच्या खांबाला म्हणाला.

दवाखान्यात नर्सने माझ्या भुवईला टाके घातले आणि ब्रॉन्विनचा हात फळीला बांधला. सकाळचं विमान तिला घेऊन जाणार होतं. नर्स फोनवर बोलायला बाहेर गेली तेव्हा आम्ही दोघीच उरलो. फुटका टॅब्लेट तिच्या मांडीवर होता.

मी तिच्यावर चिडले होते. एवढी चिडले होते की तिचा चांगला हातही मोडावासा वाटत होता. म्हणून मुद्दाम विचारलं.

"तुला कधी कोणी मारलंय का?"

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बराच वेळ रडली.

"आज," ती म्हणाली. "आणि… वडिलांनी. लहान असताना. स्वयंपाकघरात न्यायचे आणि रेडिओ मोठा करायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. काल तू विचारलंस तर माझ्या तोंडून ‘नाही’च निघालं. मी ठरवलंसुद्धा नव्हतं."

"मग ते संपलं कसं?"

"संपलं नाही. ते म्हातारे झाले, मग वारले. मी अजून घरात रेडिओ ठेवत नाही." तिने टॅब्लेटच्या काचेवरून बोट फिरवलं. "यात तुमच्या गावाचे सगळे ‘नाही’ आहेत. मी तेच घेऊन जाणार आहे."

मला तिचा राग येणं थांबलं नव्हतं. पण त्या स्वयंपाकघराचा विचार मनातून जाईना. रेडिओ मोठा लावलेला, बघायला कोणी नाही, आणि नंतर गळ्यात पडून रडायलाही कोणी नाही.

"उद्या काय होणार?" तिने विचारलं.

"आई मैदानात जाणार."

"तिच्या डोक्याला तो… मी बघितला. मी पोलिसांना कळवू?"

"कळव. मग ते विनीआजीला घेऊन जातील आणि आम्ही पुढचं वर्षभर असेच मरू. जॅरडचंही असंच कोणीतरी भलं केलंय."

नर्सची पावलं वाजली तशी ती हळूच म्हणाली, "हाताचं काय सांगू मी ऑफिसात?"

"पडले म्हण."

"कशावरून?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. "नवऱ्यावरून," दोघी एकदम म्हणालो, आणि मला हसल्यावर बरगडी एवढी दुखली की मी खुर्चीचा दांडा धरला.

निघताना तिने विचारलं, "त्या घराचं काय लिहू? ‘रिकामं’ दाबलंय मी."

"काढ ते. ठिपका लालच राहू दे."

सकाळी विमान गेलं. आम्ही घराबाहेरच्या शेकोटीपाशी बसलो होतो. आई पीठ मळत होती, भलंमोठं, कारण संध्याकाळी सगळं झाल्यावर रडायला येणाऱ्यांना रोटी लागणार. कांगारूची शेपटं राखेत पुरलेली होती. स्वतःचं डोकं फुटल्यानंतरच्या जेवणाची तयारी बाई स्वतःच करत होती. बाबा लोखंडी खाटेवर बसून हातातल्या चहाकडे बघत होता, पीत नव्हता.

नॅरेल आली. तिचा कान वांग्यासारखा झाला होता. "तामाराने शॅनिसकडे निरोप दिलाय," ती म्हणाली. "आजी वानाच आणणार. पहार नाही."

आईने मान हलवली. "चांगलं आहे. नीट करायचं म्हणतेय."

"आणि तामारा रडत होती म्हणे," नॅरेल माझ्याकडे बघून म्हणाली. "विचारत होती, डोळा शाबूत आहे का."

मी रात्रभर एका कुशीवर पडून विचार केला होता. दुसऱ्या कुशीवर वळताच येत नव्हतं. विनीआजी आभाळाला म्हणाली होती, ‘या घराने डोकं द्यायचं’. आईचं डोकं, असं ती म्हणाली नव्हती. कदाचित मुद्दाम म्हणाली नव्हती. वाना वर असताना तिचे दंड थरथरत होते ते नुसत्या रागाने नाही, मी जमिनीवरून बघितलं होतं ना.

"आई," मी म्हणाले, "मी उभी राहणार."

"गप बस. पाणी दे इकडे."

"आजीने माझंही नाव घेतलंय. पोरीने परकी बाई आत घातली, असं म्हणाली. ते उत्तर तू कसं देणार?"

"तू लहान आहेस."

"मैदानात मला कोण लहान म्हणतं?"

"ते फुटबॉलचं मैदान ग माझे आई! तिथे शिट्टी वाजली की खेळ थांबतो!" आई उठली आणि पिठाच्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. टाक्यांच्या बाजूलाच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. नॅरेल एकदम दोन पावलं मागे सरकली. आई स्वतःच्या हाताकडे बघत उभी राहिली. माझ्या गालावर पिठाची पाच बोटं उमटली असणार.

मी हलले नाही. "बघ," मी म्हणाले, "उभी आहे की नाही?"

बाबाने चहाचा मग खाली ठेवला. "तिला बोलू दे, मार्लीन."

मग मी पिवळा टी-शर्ट काढून दोरीवर टाकला. आत माझी टीमची जर्सी होती. रुमालाने केस मागे बांधले, टाळू उघडी राहील असे. आणि दोघांसमोर उभं राहून, बुटांकडे न बघता सांगितलं.

"दुकान बंद झालं की मी मैदानात जाणार. डोकं मी वाकवणार, जॅरडसाठीही आणि त्या खोलीसाठीही. आई, तू माझ्या मागे बसायचंस, रुमाल बांधून. तो खळगा मला उद्याही हवाय. बाबा, तू गोलपोस्टपाशी पाठ करून उभा राहा. पहिलं रक्त सगळ्यांनी बघितलं की नॅरेल शिट्टी मारेल. तुला मागे बघता येत नाही ना, म्हणून. शिट्टी ऐकलीस की कालच्यासारखा उलटा चालत ये, आणि थांबू नकोस, अडखळलास तरी. आजीला निघावंच लागेल. तिलाही तेच हवंय, पण ती ते आभाळालासुद्धा सांगणार नाही. मला विचारू नका, मी विचारत नाहीये. मी ठरवलंय."